सायकलची खांदशेकणी

नेरमध्ये सायकलचं दुकान चालवणारी बाई मी एकटीच. अब्बा गेले तेव्हा बाजारातल्या शहाण्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की मोहिउद्दीन मिस्त्रीची जागा आता चहावाल्याला जाणार. अब्बांचं चाळिसावं झालं आणि मी शटर वर केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. माझं काम चांगलं आहे हे सगळे कबूल करतात, आणि माझं तोंड वाईट आहे हेही. मला दोन्ही मान्य आहे. त्या तोंडातून घाईघाईत निघालेल्या चार शब्दांपायी एक पोरगी गेली, असं मी धरून चालते. तसं कोणी म्हणत नाही, कारण खरं काय झालं ते लोकांना माहीत नाही.

झालेली चूक समजायची तर आधी तेलाचं सांगायला हवं. माझं डोकं फिरतं ते तेलावरूनच. लोक सायकल घेतात, तिला घंटी लावतात, आरसा लावतात, आणि चेनला घरात जे उरलं असेल ते ओततात. खोबरेल घातलं की थंडीत थिजतं आणि चेन कुथायला लागते. जिनिंगवर कामाला जाणारे ग्रीस थापतात, मग त्यावर रुई बसून चेनला दाढी फुटते. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून पुष्कळांना प्रिय; त्यात इंजिनाची सगळी घाण असते, ती हे आपल्या हातानं चेनमध्ये भरतात. एका मास्तरांनी तर भजी तळून उरलेलं तेल घातलं होतं. मुंग्या दुकानापर्यंत सोबत आल्या. मी म्हटलं, "सर, पुढच्या टायमाले चटणीबी आणजा." त्यांनी पुढे दोन वर्षं तोंड दाखवलं नाही.

अब्बांची रीत वेगळी होती आणि मी तीच चालवते. चेन आधी रॉकेलनं धुवायची, रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलनं. जुन्या टूथब्रशनं कडीन् कडी घासायची, उन्हात कोरडी करायची. मग पॅडल उलटं फिरवत एकेका कडीवर पातळ तेलाचा एकेक थेंब. आणि मग, जे कोणी करत नाही ते: बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून काढायचं. तेल आत पाहिजे. बाहेर राहिलेलं तेल आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ गोळा करतं आणि ती धूळ चेन खाते. उन्हाळ्यात तेल पातळ, पावसाळ्यात जरा दाट. बेअरिंगला ग्रीस. आणि ब्रेकला, रिमला काहीही नाही. रिमवर चुकून तेलाचं बोट लागलं तर अब्बा ते अख्खं चाक राखेनं घासायला लावायचे, आणि मी तोंड वाकडं केलं तर दुसऱ्यांदा.

हरिसिंगकाका अब्बांचे जुने दोस्त, टेकडीवरच्या बंजारा तांड्यातले. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. काकांच्या वाट्याला एक गाडी आणि एक बैलजोडी आली, ती त्यांनी जन्मभर हाकली. गाडीच्या आसाला लागणारं वंगण ते घरीच करायचे, एरंडेलात जाळलेल्या चिंध्यांची राख कालवून. ते वंगण चांगलं की अब्बांचं तेल चांगलं, यावर आमच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून दोघं तासन्‌तास भांडत आणि शेवटी एकाच कपातला चहा बशीत ओतून पीत. दोन वर्षांपूर्वी काकांनी जोडी विकली. गुडघे गेले होते, शेत ट्रॅक्टरनं होत होतं. बैल नेणारी गाडी निघाली तेव्हा ते तिच्याकडे पाठ करून उभे होते, असं त्यांची बायको सोनीबाई सांगायची. तिला मी काकी म्हणते.

बबिता ही त्यांची शेंडेफळ. दोन मुलांच्या पाठीवर चौदा वर्षांनी झालेली, म्हणून लाडकी. एकोणीस वर्षांची होती, नेरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तांडा ते कॉलेज सात किलोमीटर, जाताना उतार आणि येताना चढ. वयातल्या अंतरामुळे मला ती आत्या म्हणायची. माझ्याकडे बसून तिनं चेन धुवायला शिकून घेतलं होतं. अख्ख्या नेरमध्ये ती एकच पोरगी असेल जिच्या सलवारीला चेनचं काळं कधी लागलं नाही. माझ्या तोंडाला ती भीत नव्हती. मी ओरडले की म्हणायची, "आत्या, तुमालेबी थोडं तेल लावाले लागते." आणि मला हसू यायचं, जे मला सहसा येत नाही.

पोळ्याच्या आठवड्यात तिनं सायकल दुकानात टाकली. उताराचा रस्ता म्हणून मी दोन्ही चाकांना ब्रेकचे नवे रबर घातले, तारा कसल्या, चेन धुतली. न्यायला काका आले, कारण तिची परीक्षा होती. त्या दिवशी दुकानात ही गर्दी. सणाला माहेरवाशिणी येतात, त्यांच्या पोरांच्या सायकली येतात. काकांनी सायकल दोन पावलं ढकलली, ब्रेक दाबून पाहिला, तसा रबर रिमवर किंचाळला.

"हे काहून रडते वं?" त्यांनी विचारलं.

"नवं रबर हाय, काका. आठ दिवसांत गप होईन."

हे मी म्हटलं होतं. अगदी नक्की म्हटलं होतं, मला आठवतं. पण त्यानंतर मी फळीवरची खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली, तिच्यात तेल भरून त्यांच्या हातात दिली. पावसाचे दिवस, चेन भिजते, घरी असू द्यावं म्हणून. त्यांनी विचारलं, "लावाचं कुठं कुठं?" तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं एकदम बोलत होती, आणि माझ्या हातात कुणाचं तरी उघडं फ्रीव्हील होतं, ज्याचे छर्रे सांडायला आले होते.

मी म्हटलं, "जिथं कुरकुर तिथं तेल. जन्मभर गाडी हाकली तुमी, तुमाले मी काय शिकवू?"

काका हसले, बाटली खिशात घातली आणि गेले. ब्रेक सोडून, हे दोन शब्द मी बोलले नाही. ते सगळ्यांना माहीत असतं असं मला वाटलं. मिस्त्री लोकांना असंच वाटतं.

पोळ्याच्या दिवशी मी अर्धा दिवस दुकान उघडलं होतं. सकाळी बारीक पाऊस होता. दहाच्या सुमाराला समोरचा पानठेलेवाला धावत आला आणि म्हणाला, टेकडीच्या तांड्याची पोरगी उतारावरून सुटली आणि खाली नाल्याच्या पुलाच्या दगडी कठड्यावर आदळली. पूजेला मातीचे बैल आणायला ती बाजारात येत होती. तिला जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं, पण पोचायच्या आत ती गेली. मी संध्याकाळी तांड्यावर गेले. बायकांचं रडणं लांबून ऐकू येत होतं. कोणी मला आत या म्हटलं नाही, मीही दारातूनच परतले.

तिसऱ्या दिवशी तांड्यातली दोन माणसं मालवाहू ऑटोतून ती सायकल घेऊन आली. पुढचं चाक दुमडलं होतं. त्यांनी ती माझ्या दारात टाकली. एकजण म्हणाला, "चार दिवसांमागं तुमीच ब्रेक केलता ना? मंग लागला काहून नाही?" आणि उत्तर न ऐकता दोघं निघून गेली. रस्त्यावर पाच-पन्नास लोक उभे होते. त्यांना ऐकायचं ते त्यांनी ऐकलं.

मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि सायकल उलटी केली. तारा जिथल्या तिथं कसलेल्या होत्या. मागच्या ब्रेकच्या रबराला मी बोट लावलं, आणि बोट घसरलं. वास घेतला. तूप. पुढच्या ब्रेकलाही तेच. रबराच्या खाचांमध्ये पिवळं काहीतरी बसलं होतं, ती हळद होती. रिमवर आतल्या बाजूनं तुपाचा हात फिरलेला होता, त्यावर पावसाचं पाणी मण्यांसारखं थांबलं होतं ते तसंच वाळून डाग पडले होते. आणि ब्रेकच्या पट्टीखाली पळसाच्या पानाचा एक तुकडा अडकलेला होता.

आमच्या भागात राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून बैलाचा खांदा सोलतो, म्हणून त्या खांद्याला तूप आणि हळद लावतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि बैलाच्या कानात म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. काकांच्या गोठ्यात दोन वर्षं बैल नव्हता. त्यांनी सायकल शेकली होती.

आता खरं लिहायचं तर लिहिते. मला आधी हायसं वाटलं. माझं काम चोख होतं, चूक माझी नव्हती, आणि ते सिद्ध करायला माझ्या हातात पुरावा होता. मी दोन्ही ब्रेकचे रबर काढून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि गल्ल्याच्या खणात ठेवले. चाकाकडे बघत बसले होते, तेव्हा माझेच चार शब्द मला ऐकू आले. त्यानंतर हायसं वाटणं संपलं ते संपलंच.

लोकांचं तोंड कोण धरणार? बाईच्या हातचं काम, इथपासून सुरुवात झाली. आठ दिवसांत पोरींच्या सायकली यायच्या बंद झाल्या. ज्या बाया अकरा वर्षं माझ्याकडे आल्या, त्या दुकानासमोरून सायकल हातात धरून, मान खाली घालून पुढे जायला लागल्या. माझा संताप व्हायचा. रोज सकाळी वाटायचं, ते रबर दारात टांगावेत आणि खाली लिहावं की घ्या, वास घेऊन पाहा. रोज संध्याकाळी वाटायचं, काका इथून गेले आणि त्यांनी ते पाहिलं तर?

मग तांड्याच्या नाईकाचा, बादल नाईकांचा, निरोप आला. तेराव्यानंतरच्या गुरुवारी बैठक आहे, अकीलाबाईंनी यावं आणि ब्रेक का लागला नाही ते चारचौघांत सांगावं. मी हो म्हणून कळवलं. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. हे दुकान म्हणजे अब्बांचं नाव होतं आणि माझी सगळी जिंदगी. ते असं फुकटात मातीत घालायला मी तयार नव्हते.

बुधवारी दुपारी सोनीकाकी दुकानात आली. एकटीच आली होती. बाकड्यावर बसली नाही, खाली फरशीवर बसली. तिच्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या होत्या.

"अकीला," ती म्हणाली, "तूप लागलं तं ब्रेक लागत नाही काय?"

मी गल्ल्याच्या खणाकडे पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

"वाटीत तूप मीच देल्लं," ती म्हणाली. "मले म्हणे, सोनी, यंदा कोणाचे खांदे शेकू? मंग सायकलीकडं पायलं. म्हणे, आपल्या पोरीले हेच वाहून नेते ना, हाच आपला बैल. आधी चेनले तुही बाटली लावली. मंग हांडलले हळद लावली. अन् ब्रेक दाबला तं तो रडे. म्हणे, पाय, हे रबर चाकाले घासते, जसं जू घासते खांद्याले. दुखत असन त्याले. पळसाच्या पानानं शेकलं, तूप चोपडलं. घंटीजवळ तोंड नेऊन आवतन देल्लं. बबिता हसून हसून लोयली. आंगणात फिरवली तिनं सायकल. म्हणे, याडी, पाय, गप झाली."

याडी म्हणजे आई. मी तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"काकाले माहीत हाय काय?" मी विचारलं.

"नाही. त्यायले वाटते, तार तुटली का काय झालं. मले रातभर झोप नाही, मी इचार करून राह्यली, मले समजलं. त्यायले समजलं तं ते जगणार नाही, अकीला. पोरगी गेली. आता ते गेले तं मी काय करू?" मग तिनं माझे पाय धरायला हात पुढे केला. मी मागे सरकले. तेलानं काळे झालेले माझे पाय, आणि माझ्या आईच्या वयाची बाई.

"उद्या सांगू नोको," ती म्हणाली. "तू दुकानवाली हाय, तुह्यं नाव खराब होईन, हे मले समजते. तरीबी सांगू नोको."

मी तिला वचन दिलं नाही. इतकी मी चांगली नाही. ती गेल्यावर तिचा रागच आला मला. करून सवरून मोकळे हे, आणि भोगायचं मी, असं वाटलं. रात्री ते रबर पर्समध्ये घातले आणि सकाळी तांड्यावर निघाले.

बंजाऱ्यांचे संत सेवाभाया यांच्या देवळासमोर, लिंबाखाली बैठक होती. पुरुष पारावर आणि खाली, बाया पलीकडे ओसरीत. काका पुढेच बसले होते. पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मी आल्यापासून त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढली नाही. ती नजर मला सहन होत नव्हती. त्यात द्वेष आहे असं मी समजले.

बादल नाईक भला माणूस. म्हणाले, "बाई, तुमाले कोणी शिवीबी देणार नाही, माही जबाबदारी. फक्त सांगा, ब्रेक काहून लागला नाही?"

माझा हात पर्सच्या चेनवर होता. मी काकांकडे पाहिलं. मग पलीकडे ओसरीत पाहिलं, तिथं काकीनं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

"रबर नवे घातले होते," मी म्हणाले, "पण तार नीट कसली नाही. पोळ्याची गर्दी होती, मी घाई केली. चूक माही हाय."

कोणीतरी मागून ओरडलं, नाईकांनी त्याला खाली बसवलं. काका उठले. गुडघ्यावर हात टेकत घराकडे चालायला लागले. नाईक म्हणाले, पोरगी तर परत येत नाही, पण यापुढे तांड्याची एकही सायकल तुमच्या दुकानात येणार नाही. मी मान हलवली. येताना पुलावर थांबून ते रबर नाल्यात टाकले. कठड्याचा एक दगड निखळलेला होता, तिकडे मी पाहिलं नाही.

मी पूर्ण खोटं बोलले नाही, अशी मी माझी समजूत घालत होते. गर्दी होती, घाई मी केली होती, फक्त तारेच्या जागी शब्द होते. तसं पाहिलं तर बैठकीत मी माझी खरी चूकच कबूल केली होती, वेगळ्या नावानं. यानं मला रात्री झोप लागायची. पण एक माणूस वाचवला, हे समाधान जास्त मोठं होतं. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. बसस्टँडमागे नवं दुकान झालं, तिथं जळकं ऑइल ओततात. काळ्या झालेल्या सलवारी घालून पोरी माझ्या समोरून जायच्या आणि मी गप्प बसायचे. माझं तोंड बंद झालेलं पाहून लोकांनी काय तो अर्थ काढला.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी हरिसिंगकाका दुकानात आले. पायरी चढले आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, बाकड्याच्या डाव्या टोकाला बसले. मी एका म्हाताऱ्याच्या सायकलची चेन पुसत होते. हात थांबवायचं सुचलं नाही, पुसतच राहिले.

"तार ढिली नोयती," काका म्हणाले.

मी फडकं फिरवत राहिले.

"इथून नेतानी मी दोनदा दाबून पायलता ब्रेक. पक्का होता. रस्त्यानंबी पायला. जन्मभर गाडी हाकली, ढिलं काय अन् कसलेलं काय, मले समजते."

"काका, मी बैठकीत सांगतलं ना..."

"मीच पयले पोचलो होतो तिच्याजोळ," ते म्हणाले. "सायकल तिच्या आंगावर होती. मी चाक धरून उचलाले गेलो, तं हात घसरला. मंग तिले उचललं. माह्या हाताले तुपाचा वास येत होता. घरातलं तूप, सोनीच्या हातचं. तवाच समजलं मले सगळं."

रस्त्यावरून बाजाराची माणसं जात होती. मी फडकं खाली ठेवलं. मग त्या बैठकीत काय होतं, ते मला एकेक करून कळायला लागलं. त्यांनी ते आपल्या तोंडानंही सांगितलं.

"नाईकाले मीच म्हटलं होतं, अकीलाले बोलाव. तू मोहिउद्दीनची पोरगी. तुह्या नजरेतून तूप सुटन काय? मले आपल्या तोंडानं बोलणं होत नोयतं. म्हटलं, तू सांगशीन. चार लोकांत सांगशीन, मंग तांडा मले जे म्हणाचं ते म्हणन, मारन, वाळीत टाकन. मी तयार होऊन बसलो होतो. तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो, का आता बोलन, आता बोलन."

"मी तुमाले वाचवाले गेलती, काका."

"हाव. समजते मले." ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. "पण मले वाचाचं नोयतं, बेटा."

मी म्हणाले, "कुरकुर तिथं तेल, हे मीच म्हटलं होतं. ब्रेक सोडून, इतकं म्हणाले पाहिजे होतं मी."

"हाव," काका म्हणाले. "म्हणाले पाहिजे होतं."

त्यांनी माझी समजूत काढली नाही. तुझं काय चुकलं, असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मी त्यांच्यासमोर उभी राहू शकले नसते. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या चुकीबद्दल माझ्याशी खरं बोललं, आणि मी तिथंच स्टुलावर बसून रडले. अब्बांच्या वेळीही मी दुकानात रडले नव्हते. काका उठून आले नाहीत, बसून राहिले, पण गेलेही नाहीत.

डोळे पुसून मी म्हटलं, "चला काका. आताच्या आता नाईकाकडे जाऊ. मी सगळं सांगते. जे खरं हाय ते."

"आता नोको," ते एकदम म्हणाले. मग हळू आवाजात, रस्त्याकडे बघत म्हणाले, "सोनीले वाटते, मले माहीत नाही. तिनं वाटी देल्लती ना. मले माहीत हाय असं तिले समजलं, तं ती म्हणन, मीच देल्लं तूप, मीच मारलं. रोज सकाळी उठली का माह्या तोंडाकडं पायते, मले काही समजलं तं नाही ना. मंग मी हसतो थोडंसं. ताट वाढलं का जेवतो. उतरत नाही घशाखाली, तरीबी जेवतो. मी जेवलो तं ती जेवते. तिले सांगू नोको, अकीला, मले माहीत हाय म्हणून. कधीच सांगू नोको."

मी मान हलवली. या वेळी मी वचन दिलं.

काकी बाजार करून येत असताना लांबून दिसली. काका उठले, खांद्यावरचं उपरणं नीट केलं, चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि पायरी उतरले. तिच्या जवळून जाताना म्हणाले, "मी गाडी लागली काय ते पायतो, तू ये." आणि बसस्टँडकडे गेले.

काकी पिशवी घेऊन आत आली. ते वळणापलीकडे जाईपर्यंत ती दारातून पाहत उभी राहिली. मग खालच्या आवाजात मला विचारलं, "काही इचारलं काय त्यायनं?"

"नाही," मी म्हटलं. "गुडघ्याचं सांगून राह्यले होते."

तिच्या सगळ्या अंगातून श्वास सुटला. ती बाकड्यावर टेकली, त्यांच्याच जागेवर. "बरं झालं वं," ती म्हणाली. "विसरून राह्यले हळूहळू. आज सकाळी तं दोन भाकरी खाल्ल्या त्यायनं."

मी हाव म्हटलं, आणि तिला पाणी दिलं.